रकाना नऊ

वहीत माझ्या अक्षरात:
लुबिंझा काशिंजे, वय बेचाळीस, धंदा मासेमारी,
पोट दुखायला लागून दिवस चार.
चार का, तर पहिले दोन दिवस वारा उलटा होता,
तिसऱ्या दिवशी होडीला तेल नव्हतं,
चौथा कुठे गेला ते काबुलाला, त्याच्या बायकोलाही, आठवत नाही.
हे लिहायला वहीत जागा नसते.

पोट फळीसारखं. हात लावू देईना.
डॉक्टरांनी उघडलं रात्री पावणेदोनला,
जनरेटर खोकत होता म्हणून टॉर्च मी धरलेला.
जठराला भोक, ज्वारीच्या दाण्याएवढं.
एवढंसं.
त्यातून पोटभर पसरलेलं
चार दिवसांचं आंबट, हिरवट पाणी.
धुतलं. पुन्हा धुतलं.
कुजकी कड टाका धरत नाही,
म्हणून आतड्यांवर लोंबणारी चरबीची झालर
हलकेच ओढून भोकावर बसवली.
ठिगळ.

तीन वर्षं पाठ दुखायची.
बेटावरच्या दुकानातल्या पिवळ्या गोळ्या,
रिकाम्या पोटी, रात्री,
कंदिलाला भुलून आलेली बोटभर चंदेरी मासळी
पहाटेपर्यंत उपसताना.

पाचव्या दिवशी त्याला खोकला आला
आणि टाके उसवले.
हाक मारली त्याने मला, अगदी हळू,
जणू माझंच काही खाली पडलं होतं.
ओल्या फडक्याखाली त्याची आतडी
मी दोन्ही हातांनी धरून उभी,
ऑपरेशनची खोली मोकळी होईतो, चाळीस मिनिटं.
ऊन होती. हलत होती.
छताकडे बघत तो म्हणाला,
सिस्टर, किती लांब असतात ही?
मी म्हटलं, तुझ्या जाळ्याहून कमी.

शेजारच्या खाटेवर मसांजा, एकोणीस वर्षांचा.
भोक याच्याहून लहान,
आला दुखायला लागलं त्याच दुपारी.
सगळं वेळेवर, सगळं नीट.
सातव्या पहाटे गेला.
त्याच्या आईने विचारलं, मग चुकलं कुठे?
मी तिला पाणी दिलं.

लुबिंझाच्या जखमेत पू झाला, छातीत कफ,
तापाचा कागद डोंगरांच्या रांगेसारखा.
रकाना आठ: गुंतागुंत.
काबुला सकाळी पातळ पेज आणायची, दुपारी फाटकं जाळं,
आणि तो उशीला टेकून सांधत बसायचा.
मी म्हटलं, ओढ ना, सुटेल.
ओढायचं नसतं, म्हणाला.
ओढलं की गाठ बसते.
सैल करायचं, आणि कुठलं टोक हाती येतं
ते बघत राहायचं.
मग मी रात्री दोनदा उठून त्याची नळी बघायची,
ओढायची नाही.

सव्विसाव्या दिवशी चालत गेला,
पोटाला बायकोचं जुनं कापड गुंडाळून.
बजावलं होतं: त्या गोळ्या नाहीत,
सहा महिने दोर ओढायचा नाही,
साठाव्या दिवशी दाखवायला ये.
मान हलवली.
हातावर पोट असलेला माणूस हलवतो तशी.

साठावा दिवस गेला. नव्वदावा.
महिनाअखेर वही वर पाठवायची असते,
रकाना नऊ, परिणाम:
बरा, मृत, किंवा पत्ता नाही.
पत्ता नाही लिहायला पेन उचललं
आणि ठेवलं.

वहीतला फोन नंबर दुकानाचा निघाला.
लुबिंझा? हां, म्हणाला दुकानदार,
पाण्यावर असेल. आज साठ-सत्तर कंदील आहेत,
इथून सगळे सारखेच दिसतात.
मागे कुणीतरी खोकत होतं, रेडिओ चालू होता.
मी विचारलं, तुमच्याकडे त्या पिवळ्या गोळ्या असतात ना?
परवाच संपल्या, म्हणाला.
सोमवारच्या बोटीने येतील.
तुमच्यासाठी किती ठेवू?